डान्स शिकताना या चुका टाळा, स्टेप पाठ असूनही नाच का जमत नाही?

स्टेप पाठ आहे, आरशासमोर छान होते, आणि गाणं लागलं की अर्ध्या मात्रेने मागे पडते. बहुतेकांना वाटतं प्रॅक्टिस कमी पडली, पण बऱ्याचदा घोळ वजनाचा असतो. पाय टेकवला पण अंगाचं वजन त्याच्यावर गेलंच नाही, अर्धं इकडे अर्धं तिकडे, मग पुढचा पाय उचलायला उशीर होणारच ना. चेक करायला सोपं आहे, पाय टाका आणि लगेच दुसरा उचलून बघा, न डगमगता उचलता आला तर वजन नीट गेलंय. (नुसता टच असेल तिथे मात्र वजन द्यायचंच नाही, उलट चूक पण खूप जण करतात.)

दुसरी चूक म्हणजे काउंट न करता शब्दांवर नाचणं. गाण्याचे शब्द तालाच्या पुढेमागे होतात, बीट होत नाही. साल्सात आठ काउंट असतात आणि साधारणपणे ४ आणि ८ ला पाऊल नसतं, नवीन माणूस तिथेही पाऊल घुसवतो आणि सगळं बिघडतं. वॉल्ट्झ तीनचा आहे, तिथे चारची सवय चालत नाही. कथ्थकमध्ये तीनतालाच्या १६ मात्रा, तुकडा (बोलांची छोटी रचना) कितीही सुंदर म्हटला तरी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला नाही तर मजाच गेली, म्हणून आधी हातावर टाळी-खाली (टाळी वाजवायच्या आणि हात मोकळा ठेवायच्या मात्रा) धरून बोल म्हणा आणि मगच पायात घ्या. हे कंटाळवाणं वाटतं पण मला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही वाटत नाही.

एका स्टाइलची सवय दुसरीत नेणं हा पण मोठा प्रॉब्लेम. भरतनाट्यमची अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसायची मुद्रा, खाली बसलेली, कथ्थक सरळ उभं राहून, बॅले वर उचललेलं, हिपहॉपला गुडघ्यात बाउन्स हवा. हिपहॉप ताठ गुडघ्याने केलं की स्टेप बरोबर असूनही कवायत वाटते.

गुडघ्यांचं तर नक्की लक्षात ठेवा. अरमंडी असो की बॅलेचा टर्नआउट, पाय बाहेर वळतो तो खुब्यातून, नुसती पावलं वळवून गुडघे आत पडले तर दुखणं ठरलेलं. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच हवा, त्यासाठी कमी वळला तरी चालेल.

चकरा घेताना गरगरतंय? समोर एक ठिकाण पकडा, मान शेवटी वळवा आणि सगळ्यात आधी परत आणा. सुरुवातीला हळूच करा, अर्धी चक्कर, मग पूर्ण.

आणि आरसा. त्याच्याकडे बघत राहिलं की नजर कायम समोर अडकते, मान वळत नाही, आणि आरसा नसलेल्या हॉलमध्ये दिशाच चुकते. म्हणून पाठ झालं की आरशाकडे पाठ करून एकदा पूर्ण करा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि बघताना पहिल्यांदा फक्त पाय बघा, हात नंतर.