उर्दू, कन्नड, गुजराती, सिंधी शाळांतल्या प्राथमिक शिक्षकांसाठी टीईटी: अर्जापासून निकालापर्यंत

टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, जाहिरात निघाली की बिगरमराठी माध्यमाच्या शाळांतून पहिला प्रश्न येतो, 'आम्हाला ही लागू आहे का?' त्याचं उत्तर शाळेच्या भाषेवर ठरत नाही. शाळा कोण चालवतं, यावर ते ठरतं. म्हणून अर्ज उघडण्याआधी आपली शाळा कुठल्या गटात बसते ते पक्कं करा.

अक्कलकोट किंवा जत तालुक्यातली जिल्हा परिषदेची कन्नड शाळा, मालेगावातली महापालिकेची उर्दू शाळा, मुंबई महापालिकेची गुजराती शाळा, या सगळ्यांचं माध्यम अल्पसंख्याक भाषेचं आहे, पण त्या अल्पसंख्याक संस्था नाहीत. अल्पसंख्याक संस्था म्हणजे राज्यघटनेच्या ३०व्या अनुच्छेदानुसार धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याक समाजाने स्थापन केलेली आणि तोच समाज चालवत असलेली संस्था. तसा दर्जा असल्याचं राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाचं प्रमाणपत्र संस्थेकडे असतं. उलटही होतं: सिंधी किंवा गुजराती समाजाच्या संस्थेची शाळा पूर्ण इंग्रजी माध्यमाची असते, तरी संस्था अल्पसंख्याकच असते. म्हणजे फळ्यावर कोणती भाषा लिहिली जाते ते पाहून काहीच ठरवता येत नाही. मुख्याध्यापकांकडे संस्थेच्या दर्जाच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. ती नसेल, तर 'आम्हाला सूट आहे' हे ऐकीव बोलणं समजा.

कायद्याची बाजू अशी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ खाली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी पहिली ते आठवीच्या शिक्षकांची किमान अर्हता ठरवली आणि तीत टीईटी घातली. महाराष्ट्राने १३ फेब्रुवारी २०१३च्या शासन निर्णयाने ती लागू केली. पुढे ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, अनुदानित असो वा विनाअनुदानित, अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायदाच लागू नाही असा निकाल दिला. त्यामुळे या संस्थांतल्या शिक्षकांना टीईटी लागते की नाही, यावर वर्षानुवर्षं खटले चालले. १ सप्टेंबर २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने आधीपासून सेवेत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची केली. अल्पसंख्याक संस्थांबाबत मात्र त्याने २०१४च्या त्या भूमिकेबद्दल शंका व्यक्त केली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला. त्याचा निर्णय होईपर्यंत अल्पसंख्याक संस्थांना २०२५च्या निकालातल्या सक्तीतून वगळलं आहे. बाकी सगळ्यांना ती लागू आहे.

बाकी सगळ्यांत तुम्ही मोडत असाल आणि आधीपासून सेवेत असाल, तर १ सप्टेंबर २०२५ ही तारीख धरून निवृत्तीला किती वर्षं उरली होती ते मोजा. पाच वर्षांहून जास्त उरली असतील, तर निकालाच्या तारखेपासून दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे, म्हणजे मुदत ऑगस्ट २०२७ अखेरपर्यंत. पाच वर्षांहून कमी उरली असतील, तर टीईटीशिवाय निवृत्तीपर्यंत सेवा चालू राहते, पण पदोन्नती हवी असेल तर परीक्षा द्यावीच लागेल. परीक्षा दर महिन्याला होत नाही. राज्याची टीईटी १० नोव्हेंबर २०२४ला झाली आणि त्यानंतरची थेट २३ नोव्हेंबर २०२५ला. दोन वर्षांची मुदत म्हणजे हातात मोजक्याच संधी. 'पुढच्या वेळी बघू' हा विचार परवडणारा नाही.

अल्पसंख्याक संस्थेतल्या शिक्षकांनी काय करावं? आज सक्ती नाही, तरीही परीक्षा द्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. मोठ्या पीठाचा निर्णय कुठल्या बाजूने लागेल ते आपल्या हातात नाही, आणि उद्या जिल्हा परिषदेत किंवा दुसऱ्या संस्थेत जायचं ठरलं तर हे प्रमाणपत्र लागेलच.

आता पेपर कोणता द्यायचा ते पाहू. पहिली ते पाचवीसाठी पेपर १, सहावी ते आठवीसाठी पेपर २. पाचवीचा वर्ग तुमच्या गावात माध्यमिक शाळेत भरत असला, तरी परीक्षेच्या हिशेबाने तो पेपर १मध्येच येतो. पेपर १साठी बारावी आणि डी.एल.एड. (जुनं डी.एड.) लागतं. केवळ बी.एड. असलेल्यांना पहिली ते पाचवीसाठी पात्र धरता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी स्पष्ट केलं आहे. आपल्या माध्यमात डी.एड. झालेला उमेदवार मिळाला नाही की संस्थाचालक बी.एड.वाल्यांना 'चालून जाईल' असं सांगतात. ते चालत नाही. वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला की तिथेच अडतो, आणि मान्यता नाही म्हणजे शालार्थ (शिक्षकांचे पगार काढण्याची सरकारी ऑनलाइन प्रणाली) क्रमांक नाही, शालार्थ नाही म्हणजे पगार नाही.

अर्जात सर्वात जास्त चुका भाषेच्या रकान्यात होतात. भाषा १ ही तुम्ही ज्या माध्यमात शिकवणार ती भाषा. राष्ट्रीय परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांत भाषा १चा हेतूच 'अध्यापनाच्या माध्यमातलं प्रावीण्य' तपासणं असा दिला आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टीईटीत मराठी आणि इंग्रजीशिवाय उर्दू, हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी, बंगाली हे पर्याय असतात, आणि ही भाषा १ घेणाऱ्याला भाषा २ म्हणून मराठी किंवा इंग्रजी घ्यावी लागते. कन्नड माध्यमातला शिक्षक 'मराठी सोपी जाईल' म्हणून भाषा १ मराठी घेतो, उत्तीर्णही होतो, आणि कन्नड शाळेतल्या नेमणुकीच्या वेळी कागद जुळत नाहीत. दहावी, बारावी, डी.एड.चं माध्यम आणि टीईटीची भाषा १ एका ओळीत असू द्या. भाषा २ म्हणून शक्य तर मराठी घ्या. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, ती शिकवणारा माणूस शाळेला हवाच असतो.

भाषा १ कन्नड निवडली म्हणजे गणित आणि परिसर अभ्यासाचे प्रश्नही कन्नडमध्येच छापून येतील असं धरून चालू नका. जाहिरातीत प्रश्नपत्रिकेच्या माध्यमाचा वेगळा तक्ता असतो. कुठला विभाग कोणत्या भाषेत छापला जाईल ते त्यातून वाचून घ्या, तयारीची अर्धी दिशा त्यावर ठरते. सिंधी निवडणाऱ्यांनी लिपीही पाहावी, कारण सिंधी अरबी आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाते. नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच भरा. लग्नानंतरचं नाव लावायचं असेल तर राजपत्राची प्रत आधीच काढून ठेवा. शुल्क भरल्यानंतर दुरुस्ती मिळेल या भरवशावर राहू नका.

केंद्राची सीटेट देणाऱ्यांसाठी एवढं पुरे: तिथे भाषांचे वीस पर्याय आहेत, त्यांत मराठी, उर्दू, कन्नड, गुजराती, तेलुगू, बंगाली आहेत, सिंधी आणि कोकणी नाहीत. भाषेचे दोन विभाग सोडले तर बाकी प्रश्न हिंदी आणि इंग्रजीत असतात. सीमाभागातल्या मराठी शाळांत शिकवणाऱ्यांना कर्नाटकाच्या टीईटीत भाषा १ म्हणून मराठी घेता येते.

पेपर १ असा असतो: १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, भाषा १, भाषा २, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण. आरक्षित प्रवर्गाला ५५ टक्क्यांची सवलत आहे. दीडशेचे ५५ टक्के होतात ८२.५, आणि अर्धा गुण कुणाला मिळत नाही, म्हणून लक्ष्य ८३चं ठेवा. विषयवार उत्तीर्ण होण्याची अट नाही, हे नीट लक्षात घ्या. गणिताची धास्ती घेतलेल्या शिक्षकाने भाषा १मध्ये २४, भाषा २, बालमानसशास्त्र आणि परिसर अभ्यासात प्रत्येकी १८ आणि गणितात फक्त १२ मिळवले तरी बेरीज ९० होते. आपल्या माध्यमाची भाषा ही तुमची सर्वात मोठी कमाई आहे. 'ती तर येतेच' म्हणून तिचा अभ्यास न करणारे तिथे १६-१७वर अडकतात, कारण त्या विभागात उताऱ्यांबरोबर भाषा कशी शिकवावी यावरही प्रश्न असतात. बोलता येणं आणि शिकवण्याचं शास्त्र माहीत असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

तयारीचं मूळ साहित्य बालभारतीची पहिली ते पाचवीची पाठ्यपुस्तकं. बालभारती आठ माध्यमांत पुस्तकं काढते आणि त्यांच्या संकेतस्थळावर ती पीडीएफ रूपात फुकट मिळतात. तुमच्या भाषेत बाजारात तयार मार्गदर्शक मिळत नसेल तर अडू नका. एकाच इयत्तेचं गणिताचं पुस्तक दोन माध्यमांत उतरवून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. एक वही घ्या, तीन रकाने आखा: आपली भाषा, मराठी, इंग्रजी. मराठीतला लसावि गुजरातीत लसाअ होतो, मसावि होतो गुसाअ. कन्नडमध्ये लसाअ आणि मसाअ. उर्दूत तर शब्दच निराळा, मसाविला 'आद-ए-आज़म' म्हणतात. गणित येत असूनही प्रश्न मराठीत किंवा इंग्रजीत आला की या शब्दांपाशी मिनिट-दीड मिनिट जातं. दोनशे-अडीचशे शब्दांची ही वही झाली की गणित आणि परिसर अभ्यासाचा हा अडथळा निघतो.

उर्दू माध्यमवाल्यांनी शाब्दिक उदाहरणांचा वेगळा सराव करावा. मजकूर उजवीकडून डावीकडे आणि संख्या डावीकडून उजवीकडे, त्यामुळे घाईत वजाबाकीतली कोणती संख्या आधीची यात गोंधळ होतो. प्रश्न वाचतानाच मांडणी कच्च्या जागेत उतरवून घ्यायची, डोळ्यांनी सोडवायला जायचं नाही.

प्रश्नांचा रोख कसा असतो ते एका नमुन्यावरून पाहा. मुलाने ४०२ – १७८ = ३७६ लिहिलं; त्याचं कुठे चुकतंय? बरोबर उत्तर २२४ आहे, पण ते काढायला सांगितलेलंच नाही. मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: ४तून १ गेले ३, ७तून ० गेलं ७, ८तून २ गेले ६. म्हणजे हातचा घ्यायची कल्पनाच रुजलेली नाही. पर्यायांत 'मूल निष्काळजी आहे', 'पाढे पाठ नाहीत' असंही असतं. ते खोडा. दुसरा नमुना: घरी कन्नड बोलणारं तिसरीतलं मूल मराठीच्या तासाला मध्येच कन्नड शब्द वापरतं. शिक्षकाने काय करावं? थांबवून दुरुस्त करणं, पालकांना घरी मराठी बोलायला सांगणं, वेगळं बसवणं, हे तिन्ही पर्याय चूक. मुलाची भाषा स्वीकारून तिच्या आधाराने मराठी शब्द देणं हे उत्तर. बालमानसशास्त्राच्या विभागात पियाजे, वायगॉट्स्की, कोलबर्ग, गार्डनर यांच्या मांडणीवर प्रश्न येतात, पण नुसती नावं पाठ करून भागत नाही. 'मदतीचा हात देत देत तो काढून घेणं' हे वर्गात कसं दिसतं, असं विचारतात.

परीक्षेच्या दिवशी वेळ अशी वाटा: बालमानसशास्त्र २५ मिनिटं, भाषा १ला २५, परिसर अभ्यास २५, भाषा २ला ३० आणि गणित शेवटी ३५. झाले १४०. उरलेली दहा मिनिटं उत्तरपत्रिका तपासायला. वीस वर्षांनी परीक्षेला बसणाऱ्या शिक्षकाचं सर्वात मोठं नुकसान गोल रंगवताना होतं: आधी सगळं प्रश्नपत्रिकेवर खुणवायचं आणि शेवटी एकदम गोल भरायचे. मधला एक प्रश्न सोडलेला असतो, तिथून पुढचे सगळे गोल एक घर खाली सरकतात. प्रत्येक विभाग संपला की त्याचे तीस गोल लगेच भरा आणि तिसावा गोल तिसाव्या प्रश्नासमोरच आहे ना, ते पाहूनच पुढे जा. काळ्या बॉलपेनने सरावाच्या छापील उत्तरपत्रिकांवर घरी निदान पाच वेळा हे करा. गुण कापत नसल्यामुळे एकही गोल रिकामा सोडू नका.

अंतरिम उत्तरसूची लागली की आक्षेपाची मुदत चुकवू नका. उर्दू, कन्नड, तेलुगू भाषांच्या विभागांत छपाईची किंवा भाषांतराची चूक राहिली, तर ती दाखवणारे उमेदवार मोजकेच असतात. बालभारतीच्या पुस्तकातल्या पानाचा पुरावा जोडून आक्षेप नोंदवा. तुम्ही नाही सांगितलं तर कदाचित कुणीच सांगणार नाही, आणि एका गुणावर कुणाची तरी नोकरी अडलेली असते.

टीईटी उत्तीर्ण झाल्यावर लगेच नेमणूक मिळत नाही. जिल्हा परिषदा आणि महापालिकांच्या भरतीसाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी वेगळी द्यावी लागते. तिच्यात २०० प्रश्न आणि १२० मिनिटं, म्हणजे इथे प्रश्नाला मिनिटसुद्धा मिळत नाही. १२० गुण अभियोग्यतेला, ८० बुद्धिमत्तेला. ती मराठी, इंग्रजी आणि उर्दूत होते, त्यामुळे कन्नड, तेलुगू, गुजराती माध्यमवाल्यांनी तीन रकान्यांची ती वही तेव्हाही हाताशी ठेवावी. शिक्षक भरतीच्या 'पवित्र' या सरकारी पोर्टलवर स्वप्रमाणपत्र भरताना माध्यम आणि टीईटीची भाषा मूळ कागद समोर ठेवूनच टाका.

टीईटीचं प्रमाणपत्र पूर्वी सात वर्षं चालायचं. २०२१च्या निर्णयानंतर ते कायमचं झालं, आणि तेही २०११पासूनच्या प्रमाणपत्रांना लागू करून. तुमच्या कपाटात २०१३च्या पहिल्या परीक्षेचं 'मुदत संपलेलं' प्रमाणपत्र पडलं असेल तर ते आजही ग्राह्य आहे. ते काढा, पेपर आणि भाषा १ तपासा, आणि साक्षांकित प्रत मुख्याध्यापकांकडे देऊन सेवापुस्तकात तशी नोंद करून घ्या.