व्हिएतनामची सहल आणि हवामान : या चुका टाळा

"व्हिएतनामला जायला चांगला महिना कोणता?" या प्रश्नापासूनच गडबड सुरू होते. उत्तर-दक्षिण सुमारे 1,650 किलोमीटर लांबीचा हा चिंचोळा देश आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला उत्तरेतल्या हनोईत जाकीट लागतं, मधल्या किनाऱ्यावरच्या होई आनमध्ये सलग चार दिवस पाऊस लागून राहतो आणि त्याच आठवड्यात दक्षिणेतल्या फु क्वोक बेटावर निळंशार आकाश असतं. बहुतेकांचा महिना सुट्ट्यांमुळे आधीच ठरलेला असतो. मग त्या महिन्यात देशाचा कोणता भाग बघायचा, एवढाच प्रश्न उरतो. पण आपण दहा दिवसांत हनोई ते हो ची मिन्ह सिटी असं तयार पॅकेज आधी निवडतो आणि हवामान नंतर बघतो.

दिवाळीच्या सुट्टीत मध्य व्हिएतनाम

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पाऊस जून ते सप्टेंबर, दसरा झाला की आकाश मोकळं, हे गणित आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. उत्तर व्हिएतनामला ते बऱ्यापैकी लागू पडतं. ह्युए, दा नांग, होई आन या मधल्या पट्ट्यात मात्र ते बरोबर उलटं आहे.

कारण डोंगराचं आहे. देशाच्या पश्चिमेला त्रुओंग सोन पर्वतरांग आहे. उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारे वारे पलीकडेच पाणी टाकतात, आणि मधला किनारा आपल्याकडे सह्याद्रीच्या पूर्वेला असतो तसा पर्जन्यछायेत, कोरडा राहतो. ऑक्टोबरपासून वारे ईशान्येकडून, समुद्रावरून यायला लागतात. आता तोच डोंगर त्यांना अडवतो आणि सगळा पाऊस किनाऱ्यावर कोसळतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा या भागातला वादळांचाही काळ. 2025 च्या ऑक्टोबरअखेर ह्युएजवळच्या बाख मा शिखरावर 24 तासांत 1,700 मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला. ह्युए आणि होई आन दोन्ही शहरं पाण्याखाली गेली.

म्हणून ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत मधला भाग सरळ गाळावा. दहा दिवस असतील तर सहा उत्तरेत (हनोई, निन्ह बिन्ह, हा लाँग बे) घालवावेत आणि तिथून दोन-सव्वादोन तासांच्या विमानाने थेट हो ची मिन्ह सिटी गाठावी. उत्तरेत हा वर्षातला सर्वात छान काळ असतो, दक्षिणेतला पाऊस ओसरत आलेला असतो. न्हा त्रांगच्या समुद्रकिनाऱ्यावर मात्र भरवसा ठेवू नका. तिथला पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचाच.

होई आन बघायचंच असेल, तर मुक्काम दा नांगला ठेवा. अंतर साधारण 30 किलोमीटर आहे, चांगला दिवस बघून जाऊन येता येतं. होई आनमध्येच राहणार असाल तर थु बोन नदीला लागून असलेल्या जुन्या गावात खोली घेऊ नका, आणि कुठेही घेतलीत तरी तळमजल्यावरची नको. पूर आला की पहिली वीज जाते. पॉवर बँक भरलेली आणि थोडी रोख रक्कम जवळ असू द्या. कु लाओ चाम बेटाच्या बोटी या दिवसांत समुद्र खवळला की बंद असतात, त्याचे पैसे आगाऊ भरू नका.

हा लाँग बेची क्रूझ शेवटच्या दिवशी ठेवणं

"शेवट गोड व्हावा" म्हणून क्रूझ परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री ठेवतात. बोटी सोडायच्या की नाही, हे क्रूझ कंपनीच्या हातात नसतं. बंदर प्रशासन परवानगी देतं, आणि वादळ असो की दाट धुकं, निर्णय बऱ्याचदा आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी येतो. उत्तरेत वादळांचा धोका मुख्यतः जुलै ते सप्टेंबर. 2024 च्या सप्टेंबरमध्ये यागी वादळाने हा लाँगचं प्रचंड नुकसान केलं होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये वादळ नसतं, पण धुकं असतं. बोट सुटली तरी समोरचा चुनखडीचा सुळका धूसर दिसतो.

उत्तरेत पोचल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच क्रूझ ठेवा आणि त्यानंतर निदान दोन दिवस हनोई किंवा निन्ह बिन्हचे असू द्या. रद्द झालीच तर दिवसांची अदलाबदल करता येते. हनोईहून हा लाँग एक्स्प्रेसवेने साधारण अडीच तासांवर आहे, त्यामुळे हे जमतं. बुकिंगच्या आधी तीन गोष्टी लेखी विचारा : हवामानामुळे रद्द झाल्यास पूर्ण पैसे परत मिळतात की फक्त तारीख बदलून मिळते, हनोईहून नेण्या-आणण्याचे पैसे त्यातून कापतात का, आणि बोट निघाल्यावर अर्ध्यातून परत फिरवावी लागली तर काय. शेवटचा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि वाद नेमका तिथेच होतो.

अजून एक. उन्हाळ्यात दुपारी अचानक येणारा गडगडाटी पाऊस वादळाइतकाच धोकादायक असू शकतो. 19 जुलै 2025 ला अशाच झंझावातात हा लाँगमध्ये एक पर्यटक बोट उलटली आणि 35 हून अधिक जणांचा जीव गेला. आकाश काळवंडलं, वारा एकदम गार झाला की खालच्या बंद केबिनमधून बाहेर या आणि लाइफ जॅकेट घाला. कुणी सांगायची वाट बघू नका.

फोनवरचं पावसाचं चित्र बघून बेत बदलणं

मे ते ऑक्टोबर या काळात हो ची मिन्ह सिटीचा दहा दिवसांचा अंदाज उघडा. दहाही दिवस ढग आणि थेंब दिसतील. प्रत्यक्षात तिथला पाऊस बहुतेक दुपारी किंवा संध्याकाळी येतो, तास-दोन तास झोडपतो आणि थांबतो. सकाळ मोकळी असते. तेव्हा रोजचं चित्र न बघता तासावारी अंदाज बघा, फिरणं सकाळी सात ते बारामध्ये बसवा आणि संग्रहालयं दुपारसाठी ठेवा. हेच चित्र नोव्हेंबरात ह्युएसाठी दिसलं, तर मात्र ते गंभीर समजा, कारण तिथला पाऊस दिवसेंदिवस थांबत नाही.

वादळासाठी फोनचं ॲप पुरेसं नाही. जपानच्या हवामान संस्थेच्या संकेतस्थळावर वादळाचा पुढच्या पाच दिवसांपर्यंतचा संभाव्य मार्ग नकाशावर मिळतो. त्यात नुसती मधली रेघ बघू नका. भोवतीची वर्तुळं जितकी मोठी, तितकी अनिश्चितता जास्त, आणि त्यात तुमचं शहर येत असेल तर धोका आहे असंच धरा. व्हिएतनामी बातम्यांत वादळं नावापेक्षा क्रमांकाने ओळखली जातात. त्या वर्षीचं तिसरं वादळ म्हणजे 'बाओ सो 3'. व्हिएतनामच्या मोजणीत यागी हे 2024 चं तिसरं होतं. हॉटेलवाल्याने नुसता क्रमांक सांगितला, तर गोंधळू नका.

"आग्नेय आशिया म्हणजे उकाडा" असं समजून सामान भरणं

डिसेंबर ते फेब्रुवारी हनोईत तापमान 12 ते 18 अंशांच्या आसपास असतं, थंडीची लाट आली की 10 च्या खाली जातं. आकडा वाचून भीती वाटत नाही. पण हवा ओलसर असते, ऊन नसतं आणि स्वस्त हॉटेलांत खोली गरम करायची सोय बहुधा नसते. उत्तरेत सुमारे 1,500 मीटरवर असलेल्या सापा या डोंगरी गावात पारा शून्याजवळ उतरतो, आणि 3,143 मीटरच्या फान्सिपान शिखरावर हिमकण जमतात. हनोईसाठी पूर्ण बाह्यांचा थर्मल, स्वेटर आणि वारा अडवणारं जाकीट पुरतं. सापासाठी त्यात हातमोजे, कानटोपी आणि पाणी न शिरणारे बूट वाढवा.

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत हनोईत वेगळाच त्रास असतो. बारीक भुरभुर चालू राहते आणि हवेत इतका दमटपणा असतो की फरशीला घाम फुटतो. धुतलेली जीन्स दोन दिवसांतही वाळत नाही. सिंथेटिक कपडे न्या, खोलीतला एसी 'ड्राय' मोडवर ठेवा, खिडक्या बंद ठेवा. ताजी हवा यावी म्हणून खिडकी उघडली, तर ओल आणखी वाढते. कॅमेरा थंड खोलीतून बाहेर काढताना पिशवीतच अर्धा तास राहू द्या, नाहीतर भिंगावर बाष्प धरतं.

फोटोतली सोनेरी भातशेती चुकीच्या महिन्यात शोधणं

सापा आणि उत्तरेतल्याच मू कांग चायच्या पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांत मे-जूनमध्ये पाणी भरलेलं असतं, जुलै-ऑगस्टमध्ये ती हिरवी असतात आणि सप्टेंबरमध्ये पिवळी होतात. मू कांग चायला ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत पीक उभं असू शकतं. नंतर उरतो तो चिखल आणि खुंट. उत्तरेतल्या 'हा ज्यांग' या डोंगराळ भागातला मोटारसायकलचा फेरा जून ते ऑगस्टमध्ये टाळलेलाच बरा, कारण घाटात दरडी कोसळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रस्ते कोरडे असतात आणि कुट्टूचं पीक फुललेलं असतं.

एप्रिल ते जूनमध्ये जाणाऱ्यांनी उन्हाचा विचार करावा. ह्युएमध्ये लाओसकडून डोंगर उतरून येणारा कोरडा वारा पारा 38 ते 40 अंशांवर नेतो. राजवाडा सकाळी उघडल्याबरोबर बघा, अकरानंतर तिथे सावली सापडत नाही. तेत म्हणजे चांद्र नववर्ष 2027 मध्ये 6 फेब्रुवारीला आहे. त्याच्या आगेमागे हवा कितीही चांगली असली, तरी बरीच दुकानं बंद आणि रेल्वे-विमानं भरलेली असतात.

व्हिसा आणि तिकिटांत मोकळी जागा न ठेवणं

ई-व्हिसा 90 दिवसांपर्यंतचा मिळतो आणि एकवेळ प्रवेशाची फी 25 डॉलर आहे, मग दिवस दहा मागा की तीस. तरी कित्येक जण अर्जात परतीच्या विमानाचीच तारीख शेवटची म्हणून टाकतात. वादळाने विमान दोन दिवस पुढे गेलं की मुदत संपलेली, आणि विमानतळावर दंड. शेवटची तारीख निदान आठवडाभर पुढची टाका. देशांतर्गत विमान आणि मायदेशी परतीचं विमान एकाच दिवशी वेगवेगळ्या तिकिटांवर ठेवू नका. पहिलं चुकलं तर दुसऱ्या कंपनीची जबाबदारी नसते.

वादळ येतंय असं कळलं तर

दोन दिवस हातात असतील तर किनारा सोडा. आधी विमानाची तारीख बदला, हॉटेल नंतर. विमानतळ बंद होणार असं जाहीर झालं की बऱ्याच कंपन्या बदलाचं शुल्क माफ करतात, पण जागा काही तासांत संपतात. रेल्वेवर विसंबू नका. दा नांग आणि ह्युएमधला हाय व्हानचा रूळ डोंगर आणि समुद्राच्या मधून जातो, तिथे दरड आली की गाड्या थांबतात. निघणं जमलं नाही, तर दोन दिवसांचं पाणी आणि खाणं आणून ठेवा, वरच्या मजल्यावरची खोली मागून घ्या, पासपोर्ट आणि औषधं प्लॅस्टिक पिशवीत बांधा. वारा एकदम थांबला तरी लगेच बाहेर पडू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो, आणि दुसऱ्या बाजूने वारा तितक्याच जोराने परत येतो.

विमा घ्यायचा तर तिकीट काढल्याबरोबर घ्या. वादळाला नाव मिळाल्यावर काढलेली पॉलिसी त्या वादळाचं नुकसान साधारणपणे भरून देत नाही.