एनक्लेक्स-पीएनची तयारी करताय? पुस्तकं घेण्यापासून परीक्षेच्या दिवसापर्यंत या चुका टाळा

गेल्या दिवाळीत एक मैत्रीण फराळाला आली ती पिशवीभर पुस्तकं घेऊनच. एनक्लेक्स-पीएनच्या, म्हणजे अमेरिकेत प्रॅक्टिकल नर्सचा परवाना मिळवण्यासाठी द्यावी लागते त्या परीक्षेच्या, पहिल्या प्रयत्नात ती नापास झाली होती आणि पुन्हा बसायचं होतं. टेबलावरचे डबे बाजूला सारून आम्ही पुस्तकं मांडली. एकूण ५. त्यातली ३ आरएनची (म्हणजे वरच्या पातळीच्या रजिस्टर्ड नर्सच्या परीक्षेची), एक २०१८ सालचं, आणि जे एकच खरोखर पीएनचं होतं त्याचा कोरेपणाही मोडला नव्हता. "अगं, आरएनचं जाड असतं, ते वाचलं की पीएन आपोआप सुटेल असं वाटलं," ती म्हणाली. हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की आता सविस्तर लिहायलाच हवं.

मी सांगलीत जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून ६ वर्षं वॉर्डात काढली, मग टेक्सासला आल्यावर व्होकेशनल नर्सिंगचा कोर्स केला. या पातळीच्या नर्सला अमेरिकेत बहुतेक राज्यांत एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स) म्हणतात, टेक्सास आणि कॅलिफोर्नियात एलव्हीएन (लायसन्स्ड व्होकेशनल नर्स). परीक्षा मात्र सगळीकडे एकच. मीही दुसऱ्या प्रयत्नात पास झाले, त्यामुळे खालच्या काही चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

आरएनचं पुस्तक वापरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आजार तेच, औषधं तीच, पण प्रश्न कोणाला विचारलाय ते वेगळं. समजा, मधुमेहाचं नवीन निदान झालेला रुग्ण आहे आणि त्याला इन्सुलिन टोचायला शिकवायचं आहे. आरएनच्या परीक्षेत "शिकवणं सुरू करा" हे उत्तर बरोबर असू शकतं. पीएनच्या परीक्षेत पहिल्यांदा शिकवण्याचं काम आरएनचं. एलपीएन ते पक्कं करून घेते, रुग्ण स्वतः टोचून दाखवतो का ते बघते आणि काही अडलं तर आरएनला कळवते. तसंच, नव्या रुग्णाचं पहिलं पूर्ण मूल्यमापन आरएन करते. एलपीएन माहिती गोळा करते आणि स्थिर रुग्णांची देखभाल करते. आरएनच्या पुस्तकावर ३ महिने हात बसला की तुम्ही प्रत्येक प्रश्नात एक पायरी वर जाऊन उत्तर देता, आणि चुकलं कुठे तेच कळत नाही.

मुखपृष्ठावर पीएन लिहिलंय ना, हे बघूनच पुस्तक घ्या. कॅनडात असाल तर आणखी जपून. ओंटारियो आणि ब्रिटिश कोलंबियात जानेवारी २०२२ पासून रेक्स-पीएन ही वेगळी परीक्षा आहे; बाकीच्या प्रांतांत कोणती आहे ते आधी बघा. एकीची पुस्तकं दुसरीला लावू नका.

एप्रिल २०२३ च्या आधीचं साहित्य

कोणी तरी "माझी पुस्तकं घेऊन जा, पैसे नकोत" म्हणतं आणि आपण प्रेमाने घेऊन येतो. पण १ एप्रिल २०२३ पासून परीक्षेचा साचाच बदलला. आता प्रत्येकीला ३ केस स्टडी येतात, एकेका केसवर ६ प्रश्न. एकाच रुग्णाच्या नोंदी, लॅब रिपोर्ट, डॉक्टरांच्या ऑर्डर्स समोर असतात आणि लक्षणं ओळखण्यापासून उपाय लागू पडला का इथपर्यंत एकेक पायरी विचारली जाते. जुन्या पुस्तकात हे नाहीच.

त्याहून मोठी गोष्ट गुणांची. "लागू असतील ते सगळे पर्याय निवडा" या प्रश्नात पूर्वी एक खूण चुकली की अख्खा प्रश्न गेला. आता प्रत्येक बरोबर खुणेला १ गुण मिळतो आणि प्रत्येक चुकीच्या खुणेला १ कापला जातो. एकूण शून्याच्या खाली जात नाही. म्हणजे ३ बरोबर आणि १ चूक निवडलात तर २ गुण. म्हणून इथे अंदाजाने जास्तीच्या खुणा करू नका. पण "यातले २ निवडा" असा आकडाच दिला असेल तर चुकीला वजाबाकी नाही, तिथे दोन्ही जागा भरायच्याच. माझ्या मैत्रिणीला हा फरक ठाऊकच नव्हता, कारण तिचं २०१८ चं पुस्तक जुनाच नियम सांगत होतं.

टेस्ट प्लॅन न बघताच अभ्यासाला बसणं

परीक्षा घेणारी संस्था, एनसीएसबीएन, टेस्ट प्लॅन फुकट देते आणि दर ३ वर्षांनी तो नव्याने काढते. २०२३ च्या प्लॅनमध्ये सगळ्यात मोठा वाटा होता कोऑर्डिनेटेड केअरचा, १८ ते २४ टक्के: कोणतं काम कोणाला द्यायचं, आधी कोणाकडे जायचं, रुग्णाचे हक्क, गोपनीयता. आणि आपण रात्र रात्र जागून वाचतो ते आजार आणि त्यांची गुंतागुंत, म्हणजे फिजिऑलॉजिकल ॲडॅप्टेशन, फक्त ७ ते १३ टक्के. वेळापत्रक करण्याआधी तुमच्या तारखेला लागू असलेला प्लॅन छापून भिंतीवर लावा.

"आमच्या वॉर्डात असं करतात"

आपल्याकडे काम करून आलेल्या सिस्टर्सची खरी अडचण ज्ञानाची नसते, सवयीची असते. ऑपरेशनच्या आदल्या रात्री घाबरलेल्या आजींना आपण काय म्हणतो? "काळजी करू नका हो, काही होत नाही." त्यात माया असते, मला मान्य आहे. पण या परीक्षेत ते खोटं आश्वासन ठरतं आणि तो पर्याय चूक. बरोबर उत्तर असतं साधारण असं: "उद्याच्या ऑपरेशनबद्दल तुम्हाला कशाची भीती वाटतेय?" म्हणजे रुग्णाला बोलतं करायचं. मला हे अंगवळणी पडायला २ महिने लागले.

तसंच नातेवाइकांचं. कॅन्सरचं निदान आधी मुलाला सांगायचं आणि आजोबांपासून लपवायचं, हे आपण कितीदा पाहिलंय. इथे माहिती रुग्णाची, निर्णय रुग्णाचा. त्याच्या परवानगीशिवाय मुलालाही काही सांगायचं नाही.

आणि तिसरी सवय, काहीही झालं की "डॉक्टरांना कळवा". रक्त चढवायला लागून १० मिनिटं झालीत, रुग्णाला थंडी वाजून कंबर दुखतेय. आधी काय कराल? रक्त थांबवायचं. कळवणं त्यानंतर. स्वतःच्या हाताने लगेच करण्यासारखं काही आहे का, हे आधी शोधा.

औषधांची नावं

इथे वेळ थोडा लागतो, पण लावा. परीक्षेत जेनेरिक नावं येतात आणि तीही अमेरिकी. पॅरासिटामॉलचं ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉलचं अल्ब्युटेरॉल, ॲड्रिनॅलिनचं एपिनेफ्रिन, पेथिडिनचं मेपेरिडिन. औषध रोजच्या हातातलं असूनही नावामुळे प्रश्न जातो, याचं फार वाईट वाटतं. डोसाच्या गणितात वजन पौंडात येऊ शकतं: १ किलो म्हणजे २.२ पौंड.

प्रश्नांचा ढीग उपसणं

"माझे ३००० प्रश्न झाले" असं सांगणाऱ्या मुलीला मी एकच विचारते, चुकलेल्यांपैकी शेवटचे १० का चुकले ते सांग. एक पीएनचं पुस्तक आणि एक नवी प्रश्नपेढी पुरे होते. दिवसाला ५० प्रश्न सोडवा आणि त्याच्या दुप्पट वेळ रॅशनेल (उत्तर का बरोबर किंवा चूक याचं स्पष्टीकरण) वाचण्यात घालवा, बरोबर आलेल्यांचंसुद्धा. मी एक २०० पानी वही केली होती. डाव्या पानावर मला काय वाटलं, उजव्या पानावर ते का चूक. महिनाभराने डावी पानं सलग वाचली तेव्हा दिसलं की माझा मूत्रपिंडाचा विषय कच्चा नव्हता; प्रश्नातला "सर्वप्रथम" हा शब्दच मी वाचत नव्हते.

"परीक्षेत आलेले खरे प्रश्न" म्हणून व्हॉट्सॲपवर जे विकलं जातं त्याला हात लावू नका. परीक्षेआधी तुम्ही गोपनीयतेच्या अटी मान्य करता. त्या मोडल्याचं उघडकीला आलं तर निकाल रद्द होऊ शकतो.

८५ ची भीती

प्रश्न कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५०, वेळ ५ तास. तुमच्या उत्तरांवरून संगणक पुढचा प्रश्न ठरवतो आणि तुमची पातळी पास किंवा नापास अशी ९५ टक्के खात्रीने कळली की थांबतो. ८५ ला बंद झाला म्हणजे पास, १५० पर्यंत गेला म्हणजे नापास, असं काही नसतं. १५ प्रश्न तर गुणांत धरलेच जात नाहीत, फक्त ते कोणते हे कळत नाही. मागे जाता येत नाही, प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही. ८६ वा प्रश्न आला म्हणून धीर सोडून भराभर टिचक्या मारणाऱ्या हुशार मुली मी पाहिल्यात. नापास झालात तर किमान ४५ दिवस थांबावं लागतं आणि २०० डॉलर पुन्हा भरावे लागतात.

नाव

परीक्षेच्या दारात ओळखपत्रावरचं नाव आणि आडनाव नोंदणीशी जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि फी जाते. आपल्या बायकांचा घोळ इथेच होतो: पासपोर्ट माहेरच्या आडनावाने, ड्रायव्हिंग लायसन्स सासरच्या. परीक्षेची परवानगी हातात आली की तिच्यावरचं नाव आणि नेणार असाल ते ओळखपत्र शेजारी शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून बघा. फरक निघाला तर तारखेच्या आधीच दुरुस्त करून घ्या, आणि परवानगीची मुदतही तेव्हाच बघा, कारण ती वाढवून मिळत नाही.

त्या संध्याकाळी मैत्रिणीचं लायसन्स आम्ही असंच शेजारी ठेवलं. नोंदणी माहेरच्या आडनावाने, लायसन्स सासरच्या. चकलीचा डबा तसाच उघडा राहिला आणि आम्ही आधी ती दुरुस्तीची ई-मेल लिहायला बसलो.