"कदेली मेजल्यो गो?" : गोव्यात राजकीय बातमीदारीला येणाऱ्यांसाठी

बातमीदारीचं माझं दुसरं वर्ष होतं. विधानसभा निवडणुकीच्या प्रचारसभा पहिल्यांदाच माझ्याकडे आल्या होत्या. उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या एका गावात सभा झाली. मी पुढच्या रांगेत बसले, भाषणं टिपून घेतली आणि रात्री घाईघाईत बातमी पाठवली. त्यात 'प्रचंड गर्दी' हे दोन शब्दही घातले. ते तेव्हा हातातून आपोआप उतरत असत.

दुसऱ्या दिवशी त्याच गावच्या तिंट्यावर, म्हणजे बाजारचौकात, भाजी-पाव खायला थांबले. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी पेपर घडी करून माझ्यापुढे ठेवला आणि शांतपणे विचारलं, "बाय, कदेली मेजल्यो गो?" म्हणजे, खुर्च्या मोजल्यास का? खुर्च्या मी मोजल्या नव्हत्या. मागच्या कितीतरी रांगा रिकाम्या होत्या. त्यांनी त्या पाहिल्या होत्या, मी मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

गोव्यात बातमीदारी करायची तर हे आधी समजून घ्या. आपला वाचक बातमीच्या शेजारीच उभा असतो. ४० मतदारसंघ, आणि एकेकात सरासरी तीस हजारांच्या आतबाहेर मतदार. आमदार लग्नाला येतो, बारशाला येतो, त्याचा चुलतभाऊ आपल्या वर्गात असतो. मग लोकांना पेपर कशाला हवा? माझ्या मते, 'हवा कुणाची आहे' हे कळायला. आपल्या वाड्यावर काय चाललंय ते त्यांना ठाऊक असतं, पलीकडच्या वाड्यावरचं नसतं. तिथे गर्दी झाली असं छापून आलं की कुंपणावरचा मतदार हलतो. २०२२ मध्ये सांत आंद्रे मतदारसंघाचा निकाल ७६ मतांनी लागला, पणजीचा ७१६ मतांनी. एवढ्या कमी फरकाने निकाल लागतात तिथे 'प्रचंड' हा शब्द फुकटचा राहत नाही.

पण माध्यमं वाटेल ते घडवून आणतात, अशा समजातही राहू नका. त्यावर औषध पणजीत पाटोवर आहे : कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय. तिथे जाऊन जनमत कौलाच्या दिवसांतली वृत्तपत्रं वाचा. निदान चार दिवस त्यासाठी काढाच. १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांनी महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) राहायचं यावर मतदान केलं. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने होता. 'राष्ट्रमत' विरोधात होता आणि त्यात उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर गाजत होतं. दोन्ही दैनिकं मराठी! विलीनीकरणाविरुद्धची बाजूसुद्धा मराठीत मांडली गेली, मराठी वाचणाऱ्या घरांत पोचावी म्हणून. पेपर कुणासाठी लिहायचा असतो, हे मला कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा या एका गोष्टीने जास्त शिकवलं.

कौल ३४ हजार मतांनी संघप्रदेशाच्या बाजूने गेला. तेव्हा 'राष्ट्रमत'ने लढाई जिंकली असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. पण दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, त्याच मतदारांनी विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवलं. कौलाच्या प्रश्नावर एक मत, मगोचे नेते भाऊसाहेब बांदोडकर यांच्यावर दुसरं. वाचकाला या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात.

पैशाचं थोडक्यात सांगते. विधानसभेच्या उमेदवाराला गोव्यात खर्चाची मर्यादा २८ लाख रुपये आहे. ती टाळायचा एक मार्ग म्हणजे बातमीच्या वेशातली जाहिरात. निवडणूक आयोगाची माध्यम प्रमाणीकरण व देखरेख समिती अशी पेड न्यूज शोधते आणि तिचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो. ओळखायला सोपी असते : बातमीत एकही प्रश्न नसतो, विरोधकाचं नाव नसतं, आणि तोच मजकूर दोन पेपरांत शब्दशः सापडतो. निवडणूक नसताना मात्र सरकारी जाहिरातींचा दाब असतो, आणि तो कुठल्याही मजकुरात दिसत नाही. एखादा विषय आठवडाभर सगळीकडे चघळला जातोय आणि आपल्याच पानावर नाही, असं दिसलं तर संपादकांना जरूर विचारा. नम्रपणे विचारा, पण विचारा.

आता बातमी आधी व्हॉट्सॲपवर येते. गावच्या ग्रुपवर ग्रामसभेतल्या भांडणाची तीस सेकंदांची क्लिप फिरते, आणि त्याआधी तासभर काय चाललं होतं ते कुणाला माहीत नसतं. यावर मला एकच उपाय सापडलाय : रविवारी स्वतः ग्रामसभेला जाऊन बसायचं, शेवटपर्यंत. कंटाळा येतो. पण जमीन रूपांतर, डोंगरकापणी, कचरा, पाणी हे विषय विधानसभेत पोचण्याआधी तिथेच ऐकू येतात. २००६-०७ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ या जमीनवापराच्या सरकारी आराखड्याविरुद्ध लोक उठले आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. नकाशात आपल्या गावचं काय होणार, हे लोकांपर्यंत पोचलं म्हणून ते घडलं. पेपरांनी नकाशे छापणं, गावांत बैठका होणं, दोन्ही हातात हात घालून चाललं होतं.

त्या आजोबांच्या प्रश्नानंतर आठवड्याभराने दुसऱ्या पक्षाची सभा होती. मी मागे उभी राहिले. एका रांगेत वीस खुर्च्या, अशा तीस रांगा. मांडववाल्याला विचारलं, तोही सहाशेच म्हणाला. भरलेल्या रांगा मोजल्या, अठरा. उभे असलेले वेगळे धरले. बातमीत लिहिलं, 'सुमारे चारशे लोक'. रात्री साडेअकराला कार्यकर्त्याचा फोन आला, आवाज चढलेला. मी त्याला रांगा सांगितल्या. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "उभे किती धरले?" चाळीस, मी म्हटलं. त्याने फोन ठेवला.