बॉल पायथनची कात आणि मिनेसोटाचा हिवाळा

इथे अमेरिकेतल्या मिनेसोटात हिवाळ्यात हीटर चालू झाला की घरातली हवा पार कोरडी पडते. त्यात आमच्या बॉल पायथनची (पाळलेला छोटा आफ्रिकन अजगर) कात तुकड्यातुकड्यांत निघाली, डोळ्यावरची चकती, म्हणजे कातीबरोबर निघणारा डोळ्यावरचा पारदर्शक पापुद्रा, तशीच राहिली. टँकमध्ये आर्द्रता जेमतेम ३० टक्के होती. या सापाला साधारण ६० तरी लागते, आणि कात टाकताना त्याहून जास्त.

दिवसातून चारदा पाणी फवारून काही होत नाही. आकडा वर चढतो आणि तासाभरात खाली येतो. खरी गळती वरून असते: जाळीच्या झाकणाखाली दिवा, त्यामुळे गरम हवा ओल घेऊन सरळ बाहेर. मग जाळीचा बराचसा भाग अ‍ॅल्युमिनियमच्या टेपने बंद केला. दिव्याची जागा आणि हवेपुरती फट तेवढी मोकळी ठेवली. दिव्याजवळ टेप नको.

खाली नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांचा चार इंची थर घातला आणि पाणी कोपऱ्यांतून ओतलं. तळ ओला, वरचा थर कोरडा, हे महत्त्वाचं. पोट सतत ओल्यावर राहिलं तर खवले सडतात. लपायच्या एका डब्यात ओलं शेवाळ ठेवलं. आफ्रिकेत हा प्राणी उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतो, त्याला ते आवडणारच.

आर्द्रता मोजायचा काट्याचा स्वस्त हायग्रोमीटर फेकून द्या, डिजिटल घ्या.

डोळ्यावरची चकती चिमट्याने ओढायची नाही. आमची पुढच्या कातीबरोबर आपोआप गेली, कातही अखंड निघाली.