बारा आयसी आणि एक क्रिस्टल: प्रोग्रामशिवाय चालणारं डिजिटल घड्याळ

एका मायक्रोकंट्रोलरमध्ये (प्रोग्रामवर चालणाऱ्या चिपमध्ये) मावणारं घड्याळ बारा आयसी (साध्या चिप) जोडून कशाला करायचं, असं घरचे विचारतातच. माझं उत्तर असं, की या घड्याळात प्रोग्रामच नाही. मिनिट पुढे सरकलं नाही, तर मल्टिमीटर घेऊन एकेका पिनवर जायचं. घोडं कुठे अडलंय ते बोट ठेवून दाखवता येतं. मोजणं तसं सोपं असतं. खरी गंमत ५९ नंतर ०० आणण्यात आहे, आणि बोर्डही तिथेच फसतो.

आयसींची यादी (हे त्यांचे नंबर) छोटी आहे: ४०६० एक, ४०१३ एक, ४५१८ तीन, ४५११ सहा आणि ४०८१ एक. त्याशिवाय कॉमन कॅथोडचे (सगळ्या पट्ट्यांची ऋण बाजू एकत्र असलेले) ०.५६ इंची सहा डिस्प्ले, सेकंदाला ३२,७६८ वेळा कंपणारा, म्हणजे ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल आणि ४७० ओहमचे ४२ रेझिस्टर. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांमध्ये सगळं एका फेरीत मिळावं. डिस्प्ले घेताना 'कॉमन कॅथोड' असं दोनदा सांगा. कॉमन ॲनोड दिसायला हुबेहूब तसाच असतो आणि इथे काही कामाचा नाही.

आधी सेकंद

घरच्या विजेचे ५० हर्ट्झ फुकट मिळतात, मग तेच का मोजू नयेत? आपल्या ग्रिडला ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ एवढी मुभा आहे. वारंवारता दिवसभर ४९.९० वर राहिली तर घड्याळ जवळपास तीन मिनिटं मागे पडेल. शिवाय लाईट गेली की सगळंच संपलं. म्हणून क्रिस्टल.

३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. ४०६० मध्ये ऑसिलेटर (क्रिस्टलला कंपत ठेवणारा भाग) आणि चौदा वेळा दोनाने भागणारी साखळी एकत्रच असते, त्यामुळे तिच्या पिन ३ वर २ हर्ट्झ मिळतात. उरलेला एक भागाकार ४०१३ करते: डी पिन (इनपुट) उलट्या क्यूला (आउटपुटला) जोडा, क्लॉकला (ठोके घेणाऱ्या पिनेला) २ हर्ट्झ द्या, क्यूवर सेकंदाला एक ठोका येतो.

४०६० च्या पिन १० आणि ११ च्या मध्ये १० मेगाओहमचा रेझिस्टर. पिन १० पासून क्रिस्टलकडे जाताना वाटेत ३३० किलोओहम. क्रिस्टलचं दुसरं टोक थेट ११ ला. क्रिस्टलच्या एका टोकापासून ग्राउंडला २२ पिकोफॅरड, दुसऱ्यापासून ५ ते ३० पिकोफॅरडचा ट्रिमर (फिरवून बदलता येणारा कपॅसिटर). पिन १२ म्हणजे रिसेट (शून्य करणारी पिन), ती ग्राउंडला.

मग मोजणी

एका ४५१८ मध्ये दोन दशक-मोजण्या (० ते ९ मोजणारे भाग) असतात, म्हणजे सेकंद, मिनिट आणि तास यांना एकेक आयसी पुरते. हिचा गुण असा, की क्लॉक पिन ग्राउंडला बांधून ठोका एनेबल पिनला दिला, तर ती ठोका खाली पडताना मोजते. आपल्याला हेच हवंय. क्यू१ ते क्यू४ ही मोजणीची आउटपुट, त्यांची किंमत अनुक्रमे १, २, ४ आणि ८; 'वर' म्हणजे पॉझिटिव्ह. एककाचा क्यू४ आठ आणि नऊला वर असतो, नऊनंतर शून्यावर येताना पडतो. तोच पुढच्या दशकाच्या एनेबलला द्यायचा. १ हर्ट्झही पहिल्या एनेबललाच द्या, म्हणजे सहाही ठिकाणी एकच पद्धत राहते.

क्लॉकच्या पिना १ आणि ९. माझ्या पहिल्या बोर्डवर एका ४५१८ ची पिन ९ ग्राउंडला जोडायची राहून गेली होती. घड्याळ छान चालायचं, पण पंख्याचं बटण दाबलं की मिनिटं उडी मारायची. दोन संध्याकाळी मी सप्लायला शिव्या घालत बसलो. सीमॉसची (या आयसी त्याच जातीच्या) मोकळी पिन म्हणजे अँटेनाच. तेव्हापासून मी आकृती पूर्ण झाली की फक्त न वापरलेल्या पिनांसाठी एक वेगळी फेरी मारतो: ४०१३ चा रिकामा अर्धा भाग, ४०८१ चं उरलेलं गेट, सगळ्यांचे इनपुट ग्राउंडला.

५९ नंतर ००

दशकस्थानी सहा आले की लगेच शून्य करायचं. सहा म्हणजे ०११०, आणि शून्यापासून मोजताना क्यू२ व क्यू३ एकत्र वर येण्याची पहिली वेळ हीच. ते दोन्ही ४०८१ च्या एका अँड गेटला (दोन्ही इनपुट वर असतील तरच याचं आउटपुट वर जातं) द्या आणि गेटचं आउटपुट त्या दशकाच्या रिसेटला. चार आणि पाचला वर असलेला क्यू३ रिसेट होताना खाली पडतो. तोच मिनिटांच्या एनेबलला जातो. वेगळा कॅरी (हातचा) लागत नाही. मिनिटांचंही असंच.

तासांना २४ वर शून्य व्हायचंय. दशकाचा क्यू२ वीसपासून वर असतो, एककाचा क्यू३ त्यानंतर पहिल्यांदा चोविसाला वर येतो. या दोघांचा अँड करून दोन्ही मोजण्यांचे रिसेट एकत्र जोडायचे. इथेच मेख आहे. रिसेट लागताच ज्या दोन पिनांमुळे तो तयार झाला, त्यातली एक खाली जाते आणि रिसेटच मरतो. दुसरी मोजणी जराशी मंद असेल, तर ती तशीच राहते आणि मध्यरात्री घड्याळ २० किंवा ०४ दाखवतं. उपाय पाच रुपयांचा: गेटच्या आउटपुटला १एन४१४८ डायोड, पुढे रिसेटच्या तारेपासून ग्राउंडला १०० पिकोफॅरड आणि १०० किलोओहम. डायोडमुळे कपॅसिटर लगेच भरतो, पण उतरायला काही मायक्रोसेकंद घेतो. तेवढ्यात दोघी शून्यावर येतात. मिनिट-सेकंदांनाही हेच लावा.

पहिल्यांदा वीज दिल्यावर ७३ वाजलेले दिसले तर घाबरू नका. मोजण्या मनाला येईल त्या आकड्यावर जाग्या होतात. ७३ नंतरच्या ७४ मध्येही आपल्या अँडची अट पुरी होते, त्यामुळे तास एकदा पुढे ढकलला की ०० येतातच.

आकडे आणि लाईट जाणं

४५११ चार तारांवरचा आकडा सात सेगमेंटमध्ये (डिस्प्लेच्या पट्ट्यांमध्ये) बदलते. लॅम्प टेस्ट ही पिन ३ पॉझिटिव्हला, लॅच (आकडा धरून ठेवणारी) ही पिन ५ ग्राउंडला. प्रत्येक सेगमेंटला स्वतंत्र ४७० ओहम. कॅथोडला एकच रेझिस्टर लावून ३६ वाचवायचा मोह होतो. तसं केलं की '१' झगझगीत आणि '८' मलूल दिसतो. सगळे मिळून साधारण २०० मिलिअँपियर ओढतात, मोबाइलचा कुठलाही जुना चार्जर पुरे. ४५११ चे ६ आणि ९ बिनशेपटीचे असतात, हे आधीच माहीत असलेलं बरं. माझ्या मुलीला ते अजून पटलेलं नाही.

४५११ ची पिन ४ म्हणजे ब्लँकिंग (डिस्प्ले विझवणारी). तिच्यावर मी सगळ्यात खूश आहे. चार्जरचे ५ व्होल्ट एका १एन५८१७ डायोडमधून आणि तीन पेन्सिल सेल दुसऱ्या १एन५८१७ मधून एकाच पॉझिटिव्ह लाइनला आणा. सगळ्या आयसी त्या लाइनवर चालतात. सहाही ब्लँकिंग पिना मात्र डायोडच्या अलीकडे, थेट चार्जरच्या बाजूला जोडा आणि तिथून ग्राउंडला १० किलोओहम. लाईट गेली की डिस्प्ले आपोआप विझतात आणि मोजणी सेलवर चालू राहते. एलईडी बंद असल्याने खर्च मिलिअँपियरच्याही आत. लाईट आली की बरोबर वेळ समोर.

वेळ लावायला दोन चेंजओव्हर पुशबटणं: मिनिटांचं आणि तासांचं एनेबल एरवी आधीच्या क्यू३ ला, बटण दाबल्यावर ४०६० च्या २ हर्ट्झला. मधल्या पिनेवरून ग्राउंडला १० किलोओहम. मिनिटं लावताना तासही पुढे सरकू शकतो, म्हणून आधी मिनिटं, मग तास. तिसरं साधं बटण ४०१३ च्या वापरलेल्या अर्ध्या भागाच्या रिसेटला पॉझिटिव्ह देतं आणि सेकंद थांबवतं. एरवी तोही १० किलोओहमने ग्राउंडला. मिनिटभर पुढची वेळ लावायची, बटण दाबून धरायचं, फोनवर तो क्षण आला की सोडायचं.

बोर्ड

आधी फक्त सेकंदांचा भाग ब्रेडबोर्डवर (सोल्डरिंगशिवाय जोडणी करायच्या पाटीवर) चालवून बघा. बाकी चार आकडे जवळपास त्याचीच नक्कल आहेत. मग कीकॅडमध्ये (सर्किट बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये) आकृती काढा, विद्युत नियमांची तपासणी करून घ्या आणि मगच ट्रॅक (बोर्डवरच्या तांब्याच्या वाटा).

१०० बाय १०० मिलिमीटरचा दोन बाजूंचा बोर्ड पुरतो. डिस्प्लेची रुंदी साधारण साडेबारा मिलिमीटर, तर उभी ठेवलेली ४५११ पॅडसकट दहाच्या आसपास. म्हणजे प्रत्येक आकड्याखाली त्याची आयसी बरोबर बसते. तिचे सातही आउटपुट ९ ते १५ या एकाच बाजूला असतात. रेझिस्टर आडवे मावणार नाहीत, दोन ओळींत उभे लावा. त्याखाली प्रत्येक जोडीची ४५१८ आडवी, आणि तळाला बाकीच्या.

क्रिस्टल ४०६० ला अगदी चिकटून, त्याच्या खालून एकही सिग्नल जाऊ देऊ नका. प्रत्येक आयसीच्या सप्लाय पिनांजवळ ०.१ मायक्रोफॅरड. सिग्नलचे ट्रॅक ०.३ मिलिमीटर, पॉझिटिव्हचा निदान १, आणि खालच्या बाजूला उरेल तिथे ग्राउंड पसरा. ऑर्डर देण्यापूर्वी बोर्ड कागदावर मूळ आकारात छापा आणि डिस्प्लेचे पाय त्यात खुपसून बघा. हास्यास्पद वाटतं, पण उलटा आलेला डिस्प्ले मी असाच पकडला होता.

ट्रिमर

क्रिस्टलच्या पिनांना प्रोब लावू नका, कंपनच बदलतं. फ्रिक्वेन्सी काउंटर असेल तर ४०६० च्या पिन ७ वर २,०४८ हर्ट्झ बघा. नसेल तर आठवडाभर फोनशी ताडा. २० पीपीएमचा (दहा लाखांत वीस) फरक दिवसाला पावणेदोन सेकंदांचा होतो. घड्याळ पुढे पळत असेल तर ट्रिमरचं कपॅसिटन्स वाढवा.

हे काम थंडीत किंवा पावसाळ्यात करा, खोली २५ अंशांच्या जवळपास असताना. हे क्रिस्टल त्या तापमानाला सर्वांत जलद चालतात आणि गारठा असो की ऊन, दोन्हीकडे मंदावतात. मे महिन्यात नागपूरला खोली ४० अंशांवर गेली, की घड्याळ महिन्याला वीसेक सेकंद मागे पडणारच. तेव्हा ट्रिमर फिरवत बसू नका. सेकंदांचं बटण वापरा.