ब्रेस्ट कॅन्सरच्या ट्रीटमेंटमध्ये व्यायाम कसा करायचा, जागा नसली, वेळ नसला तरी

माझ्या मोठ्या जावेचं ऑपरेशन झालं तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी तिला आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला एकच वाक्य सांगितलं, रोज अर्धा तास चालत जा. ताईंच्या सोसायटीत बाग आहे, भांड्याला बाई आहे. शेजारची बाई शेतमजूर, घरी सासू आणि 2 लहान पोरं, गावात संध्याकाळी एकटी बाई फिरायला निघाली तर चार जण विचारणार कुठे चाललीस म्हणून. सल्ला तोच पण तो पाळणं दोघींना सारखं जमणार होतं का? हे सगळीकडेच होतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये 1,735 पेशंट बायकांचा अभ्यास झाला होता (2014 ला छापून आला), त्यात निदानानंतर पुरेसा व्यायाम करणाऱ्या फक्त 35 टक्के निघाल्या आणि कृष्णवर्णीय बायकांमध्ये हे प्रमाण अजून कमी होतं. म्हणून ज्यांना बाग नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहिलं काम डिस्चार्जच्या आधीच करायचं. फिजिओला (व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टला) विचारा की ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, असेपर्यंत हात किती वर न्यायचा, आणि व्यायाम करून दाखवायला सांगा, तो मोबाईलवर व्हिडिओ करून घ्या. तालुक्याला फिजिओ मिळेलच असं नाही आणि हातात दिलेला कागद बऱ्याचदा इंग्रजीत असतो.

ड्रेन निघाला आणि डॉक्टर हो म्हणाले की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि ऑपरेशनच्या बाजूच्या हाताची बोटं मुंगीसारखी हळूहळू वर चढवायची. ताण जाणवला की थांबायचं, दुखेपर्यंत नाही. जिथपर्यंत पोचलात तिथे पेन्सिलने खूण करा. ताई रोज ती खूण बघायच्या, एक बोट वर गेली तरी आम्हाला बोलावून दाखवायच्या. त्याच हाताने केस विंचरणं हा पण व्यायामच आहे. किमोत केस गेले असतील तर नुसता हात डोक्यावरून मागे मानेपर्यंत न्या.

चालायचं तर अर्धा तास सलगच पाहिजे असं अजिबात नाही. 10-10 मिनिटं तीनदा चालेल, सुरुवातीला 5 मिनिटं पण चालतील. आठवड्याला 150 मिनिटं हे गाठायचं आहे, पहिल्याच आठवड्यात नाही. वेग किती हवा तर बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतका. चाळीची गॅलरी, गच्ची, नाहीतर एका खोलीत जागच्या जागी पाय उचलत चालणं, सगळं धरायचं. टक्कल झालंय म्हणून बाहेर पडायची लाज वाटत असेल तर स्कार्फ बांधून पहाटे किंवा पोरांना शाळेत सोडायला जाताना चाला, त्याला कोणी काही विचारत नाही.

आता घरकामाचं. जी दिवसभर निंदणी करते तिला अजून चाल म्हणणं मला तरी बरोबर वाटत नाही, तिला खांद्याचे व्यायाम आणि दुपारी पाठ टेकायला अर्धा तास जास्त गरजेचा. पण जी घरातच असते तिचं काम म्हणजे इथे 2 मिनिटं तिथे 3 मिनिटं, त्याने दमायला होतं पण दम वाढत नाही, तिने वेगळा वेळ काढायलाच हवा, आणि तो काढून द्यायचं काम नवऱ्याचं, सासूचं, पोरांचं आहे. संध्याकाळची भाजी कोणीतरी चिरा, तेवढ्यात ती चालून येईल.

ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी (लिम्फ नोड) काढल्या की सगळे सांगतात त्या हाताने आयुष्यभर काही उचलू नकोस. हात सुजायची भीती खरी आहे, पण 2009 साली अमेरिकेत 141 बायकांवर एक चाचणी झाली, त्यांचे हात आधीच सुजलेले होते, त्यातल्या साधारण निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून दोनदा, पहिले 13 आठवडे देखरेखीखाली, वजनं उचलायला लावली आणि सूज वाढली नाही, उलट सूज उसळण्याचे प्रकार कमी झाले. त्या बायका व्यायामाच्या वेळी प्रेशरची बाही (सूज दाबून धरणारी घट्ट बाही) घालायच्या आणि वजन अगदी हळूहळू वाढवलं होतं, हे विसरू नका. म्हणजे थेट पाण्याचा हंडा नाही, डॉक्टरांना विचारून अर्ध्या लिटरची भरलेली बाटली, ती अर्धा किलो भरते. हात जड वाटला, अंगठी बांगडी घट्ट व्हायला लागली, लाल झाला, तर थांबून दाखवून या.

किमोनंतरचा थकवा झोपून जाईल असं वाटतं, पण नुसतं पडून राहिल्याने तो वाढतो, थोडं चालल्याने कमी होतो. ज्या दिवशी अगदीच जमत नाही त्या दिवशी खाटेवर बसून पावलं वरखाली करा, बास. ताप 100.4 किंवा जास्त असेल तर व्यायाम राहू द्या आणि लगेच हॉस्पिटलला फोन करा. चक्कर, छातीत दुखणं, रक्ताच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट कमी, किंवा आजार हाडात गेलाय असं सांगितलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करू नका. पायाला मुंग्या येत असतील तर अनवाणी आणि अंधारात चालू नका.

ताईंनी त्या शेजारच्या बाईचा नंबर घेतला होता. रविवारी त्या तिला फोन करतात, दोघी फोन स्पीकरवर ठेवून एकदमच भिंतीवर बोटं चढवतात.